फटफटीवरचे विजेचे राखणदार

ज्या घरांतील एखादा तरुण मुलगा मोटारसायकलीवरून कामास जातो, त्या घरांत दिवेलागणीच्या सुमारास सर्वांचे कान रस्त्याकडे लागलेले असतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या मातोश्री अजूनहि त्या वाहनास 'फटफटी' म्हणतात, आणि तिचा ओळखीचा आवाज फाटकाशीं आल्यावांचून त्यांची जपमाळ खालीं ठेवली जात नाहीं. आमच्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं नवी गाडी घेतली, तेव्हां घरच्यांची समजूत घालण्यासाठीं तिच्यावरील विजेच्या संरक्षक साधनांची एक लांबलचक यादी त्यानें जेवणाच्या पंक्तींत वाचून दाखविली होती. त्या साधनांचा गुण किती आणि उणीव कोणती, याचा नीट विचार करण्याचा प्रसंग गेल्या श्रावणांत आमच्या घरावर आला.

घरच्यांची काळजी निराधार होती असें मात्र कोणी समजूं नये. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं; त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं.

या साधनांत मानाचें पान 'एबीएस' या ब्रेकच्या योजनेस दिलें पाहिजे. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक आवळला कीं चाक फिरावयाचें थांबतें, आणि जखडलेलें चाक घसरूं लागतें. पुढचें चाक घसरलें तर स्वारास सावरावयास जवळजवळ वेळच मिळत नाहीं. एबीएसमध्यें चाकाजवळ एक खांचा पाडलेलें कडें असतें. त्याच्या शेजारीं बसविलेला संवेदक चाकाचा वेग क्षणोक्षणीं मोजतो, आणि चाक जखडणार असें दिसतांच यंत्र ब्रेकचा दाब सोडतें, पुन्हां धरतें, पुन्हां सोडतें. हें सर्व एका सेकंदांत अनेक वेळां घडतें. १९८८ सालीं जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनें आपल्या के-१०० या गाडीवर तें प्रथम आणलें. आपल्याकडे १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या गाड्यांस तें एप्रिल २०१९ पासून सक्तीचें झालें. अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षेच्या विमासंस्थेनें एकाच नमुन्याच्या गाड्यांची तुलना केली, तेव्हां एबीएस असलेल्या गाड्यांच्या प्राणघातक अपघातांचें प्रमाण शेंकडा २२ नें कमी आढळलें. तेव्हां हें सारें विकणाऱ्यांचें थोतांड आहे असें कोणी म्हणूं लागल्यास त्याचें ऐकूं नये.

आतां आमच्या घरची हकीकत. पुतण्यानें शिरस्त्राणावर एक लहानसें यंत्र बसविलें होतें. जोराचा आघात झाला कीं तें भ्रमणध्वनीच्या द्वारें घरच्या चार माणसांस संदेश धाडतें, आणि सोबत जागेचा नकाशाहि देतें. संदेश रद्द करावयास स्वारास अर्ध्या मिनिटाचा अवधि असतो. मार्गशीर्षांत एके दिवशीं दुपारीं आमच्या घरांतले चारहि भ्रमणध्वनी एकदम वाजले. 'अपघात झाल्याचा संभव आहे' एवढींच अक्षरें, आणि भोरच्या रस्त्यावरचा एक लाल ठिपका! वहिनी मटकन खालीं बसल्या. मातोश्रींनीं देव पाण्यांत घातले. आम्ही व आमचे बंधु मोटार काढून निघालों, तों कात्रजच्या बोगद्यापाशीं पुतण्याचाच निरोप आला. चहाच्या दुकानाबाहेर गाडीच्या टांकीवर ठेवलेलें शिरस्त्राण गडगडत दगडावर पडलें होतें. भ्रमणध्वनि गाडीच्या पिशवींत, आणि हे महाशय आंत भजीं खात बसलेले! पुढें माघांत असाच दुसरा संदेश आला. या वेळीं शिरस्त्राण कचेरीच्या जिन्यावरून पडलें होतें. असलीं खोटीं हांक देणारीं यंत्रें आमच्याच नशिबीं आलीं असेंहि नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंत क्रीडोद्यानांतील झुकझुक पाळण्यांत बसलेल्या लोकांच्या भ्रमणध्वनींनीं अपघात झाला असें समजून परस्पर पोलिसांस बोलावल्याचे प्रकार घडले.

श्रावणांतल्या एका रविवारीं पुतण्या ताम्हिणीकडे गेला असतां तिसरा संदेश आला. मंगळागौरीची तयारी चाललेली. आमच्या बंधूंनीं संदेश पाहिला आणि "पडलें असेल पुन्हां" म्हणून भ्रमणध्वनि पालथा घातला. आम्हींहि कांहीं निराळें केलें नाहीं, हें कबूल करावयास हवें. वहिनी तेवढ्या पुनःपुन्हां फोन लावीत राहिल्या. पाऊण तासानें एका टेंपोवाल्या गृहस्थानें तो उचलला. मुळशीच्या पाण्याच्या काठच्या एका वळणावर गाडी घसरून पुतण्या पडला होता, आणि भ्रमणध्वनि गवतांत उडाला होता. गळ्याखालचें, खांद्याजवळचें हाड मोडलें. शिरस्त्राण नीट बांधलेलें होतें म्हणून डोकें वांचलें. हाड दीड महिन्यांत जुळलें. तो पाऊण तास मात्र आमच्या बंधूंच्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं. लांडगा आल्याची खोटी आरोळी देणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांस सांगत आलों. यंत्रानें ती आम्हांस शिकविली.

एबीएस असूनहि गाडी घसरली कशी, हा प्रश्न आम्हीं त्यास तो बरा झाल्यावर केला. तेव्हां कळलें कीं त्याच्या गाडीचें एबीएस केवळ पुढच्या चाकास आहे. कायद्यास तेवढें पुरे होतें आणि गाडीची किंमत कमी राहते. पण मागचें चाक जखडावयाचें तें जखडतेंच. डोंगरावरून वाहून आलेल्या चिखलावर तेंच झालें. शिवाय साधें एबीएस फक्त चाकाचा वेग ओळखतें. गाडी वळणावर किती कललेली आहे, हें त्यास ठाऊक नसतें. तिरप्या गाडीचें चाक आपली बरीचशी पकड वळण्यासाठींच खर्च करीत असतें, आणि ब्रेकसाठीं उरते ती थोडी. कलाचें हें मापन करून ब्रेकचा दाब बेतणारी योजना २०१३-१४ च्या सुमारास केटीएमच्या ११९० ॲडव्हेंचर या गाडीवर आली. आजहि ती मुख्यतः महागड्या गाड्यांवरच दिसते. सुट्या खडीवर तर एबीएस उलट काम करतें. तेथें जखडलेलें चाक खडी पुढें लोटीत रुतून थांबतें, तर एबीएस त्यास फिरतें ठेवतें, आणि गाडी अधिक अंतर जाते. म्हणूनच खडकाळ वाटांसाठीं बनविलेल्या पुष्कळ गाड्यांवर मागच्या चाकाचें एबीएस बंद करण्याची कळ असते. संवेदकावर चिखल बसला तर तें आपण होऊन बंद पडतें, साधा ब्रेक तेवढा उरतो, आणि एक पिवळा दिवा लागतो. तो दिवा किती स्वार पाहतात?

पुतण्यानें यापुढें जें सांगितलें तें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटलें. तो म्हणाला, "काका, खरें सांगायचें तर एबीएस आहे म्हणून गेलें वर्षभर मी ब्रेक जरा उशिरांच लावीत होतों. जुन्या गाडीवर त्या वळणाला मी आधींच वेग कमी केला असता." १९८० नंतरच्या दशकांत म्युनिक शहरांतील टॅक्सींच्या एका ताफ्यांत कांहीं गाड्यांस एबीएस बसवून व कांहींस न बसवितां हीच परीक्षा पाहण्यांत आली होती. अपघातांत अपेक्षित घट झाली नाहीं. एबीएसवाले चालक वळणें अधिक झपाट्यानें घेतात व पुढच्या गाडीस अधिक चिकटून चालतात, असें निरीक्षकांस आढळलें. यंत्रानें दिलेली सवलत माणसानें वेगांत खर्चून टाकली! ताशीं ६० किलोमीटरच्या वेगांत गाडी एका सेकंदांत सोळा-सतरा मीटर पुढें जाते, म्हणजे आमच्या वाड्याच्या चौकाहून लांब.

इतर साधनांविषयीं थोडक्यांत. हवेची उशी होंडाच्या गोल्ड विंग या अवजड गाडीवर २००६ सालीं आली. आतां अंगांत घालावयाच्या फुगणाऱ्या बंड्याहि मिळतात. त्या छाती-मान राखतात, पायांस त्यांचा उपयोग नाहीं. एकदां फुगली कीं वायूची नळी बदलावी लागते. आणि ज्या बंडीची दोरी गाडीस अडकविलेली असते, ती दोरी न सोडतां उतरणाऱ्याचा भर रस्त्यांत फुगा होतो. मागून-पुढून येणाऱ्या वाहनांची चाहूल देणारीं रडारयंत्रें डुकाटीच्या एका गाडीवर २०२१ च्या सुमारास आलीं. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळीं तें यंत्र कोणकोणाची चाहूल देईल, याची आम्हांस कल्पनाच करवत नाहीं.

पुतण्या पुन्हां गाडीवर बसूं लागला आहे. शिरस्त्राणावरचें यंत्र त्यानें काढून टाकावें असें आमच्या बंधूंचें मत होतें, वहिनींनीं तें ठेवविलें. संदेश आला कीं ज्याच्या हातीं तो प्रथम पडेल त्यानें लागलीच फोन करावयाचा, आणि दहा मिनिटांत उत्तर न मिळाल्यास कोणीतरी निघावयाचें, असें त्यांनीं ठरवून दिलें आहे. मग तें शिरस्त्राण कितीदां का पडेना. मातोश्रींनीं जुन्या लुगड्याची एक घट्ट चुंबळ करून दिली आहे. ती तो गाडीच्या पिशवींत बाळगतो, आणि चहाला उतरला कीं शिरस्त्राण जमिनीवर तिच्यांत बसवून ठेवतो.