कॅसेटीतली फुंकर

यंदा आमच्या वर्गात ‘रेट्रो’ची टूम निघाली आहे. एकाच्या टी-शर्टवर ठोकळ्याठोकळ्यांचा मारिओ, दुसऱ्याच्या मोबाईलच्या कव्हरवर जुना रिमोट, तर तिसऱ्याच्या स्टेटसला ‘आमचे बालपण’ असे लिहून कॉन्ट्राचे चित्र. त्यातल्या एकाला मी सहज विचारले, ‘कितव्या स्टेजपर्यंत गेला होतास रे?’ तो म्हणाला, ‘खेळलो नाही कधी, पण फील भारी आहे.’ वाचकहो, त्या उत्तरामुळे हा लेख लिहिणे भाग पडले.

आमच्या घरी टीव्ही गेम आला तो म्हशाच्या जत्रेतून. मुरबाड तालुक्यातली ही जत्रा पौष पौर्णिमेला भरते. लोक तिथे बैल पाहायला आणि घोंगड्या घ्यायला जातात. थोरला मामा गेला होता घोंगडीला आणि परतला खेळ घेऊन! आजीने त्याचा जो उद्धार केला तो या अंकात छापण्याजोगा नाही. कॅसेटीवर लिहिले होते ‘९९९९९९९ खेळ’. निघाले मोजून सहा, तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा. तरीही अर्धी आळी आमच्या पडवीत जमे. वीज गेली की सगळे एका सुरात ओरडत. ‘वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए’ हा कॉन्ट्रात ३० जीव देणारा मंत्र मला तेराच्या पाढ्याआधी पाठ झाला. (तेराचा अजूनही अडतो.) हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो या जपानी गृहस्थाने १९८६ साली ‘ग्रेडिअस’ नावाच्या खेळासाठी योजला होता, कारण स्वतः तपासत असलेला तो खेळ त्यालाच फार अवघड जाई. हे वाचल्यावर तो माणूस मला आमच्या आळीतलाच वाटू लागला.

कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. खरे पाहता फुंकरीने काही साधत नसे. उलट तोंडातल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात. काम होई ते कॅसेट पुन्हा नीट बसवल्यामुळे. हे कळले तेव्हा थोडे वाईटच वाटले.

आता गंमत पाहा. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ काढला. आमचे यंत्र त्याची नक्कल होते. १९९० च्या दशकात आपल्याकडे ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी जे खपले तेही त्याच जातीचे. म्हणजे आमचे ‘अस्सल’ बालपण मुळात नकली डब्यावर गेले! तेव्हा ‘ओरिजिनल आहे का?’ हा संग्राहकांचा ठेवणीतला प्रश्न निदान आमच्यापुरता फोल आहे.

याच कारणाने एम्युलेटरला नावे ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही. एम्युलेटर म्हणजे बहुरूपीच. नव्या संगणकाला तो जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावतो. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ साली ‘मेम’ हा एम्युलेटर सुरू केला, आणि जगभरच्या हौशी लोकांनी जुन्या खेळयंत्रांचे अंतरंग पदरमोड करून त्यात नोंदवून ठेवले. खेळांच्या प्रती फुकट उतरवणे कायद्यात बसत नाही, हे मला मान्य आहे. परंतु अमेरिकेतल्या एका संस्थेने २०२३ साली पाहणी केली तेव्हा तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर मिळतच नाहीत असे आढळले. जे दुकानात नाही ते हौशी माणसाने जपले नाही तर जपणार कोण?

याउलट बाजार पाहा. २०२१ च्या जुलैमध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची एक प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तिला एवढा भाव का आला? तर १९९६ सालच्या त्या खोक्याचे वेष्टन कोणी फोडलेच नव्हते म्हणून! ती कधी कोणी खेळली नाही, हीच तिची किंमत. आमच्या वर्गमित्राचा टी-शर्ट हे त्याचेच स्वस्त रूप म्हणायचे.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना माझे काय? गेल्या लग्नसराईत वाढप्याचे काम करून मी साडेतीन हजार जमवले आणि तळहाताएवढे चिनी खेळयंत्र मागवले. त्यात दहा हजार खेळ होते. पहिल्या दिवशी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला, किती जणांनी पाहिला ते रात्री तीनदा तपासले. खेळलो असेन वीस मिनिटे. हा कंटाळला, तो उघड, तो कंटाळला, तिसरा उघड. सहा खेळांवर आम्ही चार वर्षे काढली होती. बाबांना यंत्राची किंमत मी अजून सांगितलेली नाही.

त्यानंतर मामाचा जुना डबा माळ्यावरून काढला. सगळे चालले, फक्त बदके मारायची बंदूक नव्या चपट्या टीव्हीवर चालेना. मी अर्धी रात्र त्यामागे घालवली, तेव्हा उमगले. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो; नळीतल्या भिंगामागे बसवलेल्या भागाला तो उजेड दिसला की नेम लागला. बंदूक गोळी सोडत नाही, ती नुसती पाहते. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र तत्क्षणी येते, नव्यावर किंचित उशिरा, आणि तेवढ्यात बदक पसार. हे कळल्याचा जो आनंद झाला तो साडेतीन हजारांत मिळाला नव्हता.

मामाचा काचेचा टीव्ही पडवीत आहे. भंगारवाला त्याचे शंभर रुपये देतो म्हणतो. मी म्हटले, ‘मामा, नको ना देऊ.’ मामा म्हणाला, ‘खेळणार आहेस, का नुसता फोटो काढणार आहेस?’ भंगारवाला मंगळवारी येतो. सोमवारी मी पट्ट्या पुसायला खोडरबर घेऊन बसणार आहे.