हायवेचा गाळा घेण्याआधी प्लॅनिंग शिकणाऱ्या पोराला गाठा

ट्रेनिंगला येणाऱ्या दर दहातल्या तीन-चार जणांचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, हायवेला गाळा बघितलाय, डिपॉझिट किती द्यावं?" मी उलट विचारतो, समोरून दिवसाला किती गाड्या जातात? उत्तर येतं, "लय जातात की!" त्या 'लय'वर पाच लाखांचं डिपॉझिट जातं.

गाड्या मोजायचं शास्त्र आहे आणि ते शिकवणारी पदव्युत्तर पदवी आहे. तिला ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग म्हणतात. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये या विषयात दोन वर्षांचं एम.प्लॅन होतं. आयआयटी मुंबईत सिव्हिल विभागात ट्रान्सपोर्टेशनचं एम.टेक. आहे. पुण्यात सीओईपीला नगररचनेचं शिक्षण आहे, त्यात वाहतूक हा मोठा विषय. बहुतेक ठिकाणी वाट गेटच्या परीक्षेवरून जाते. सिव्हिल, आर्किटेक्चर, प्लॅनिंगवाली पोरं तर जातातच, पण काही संस्था अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही घेतात. हे आपल्याकडं फार कमी घरांत माहीत आहे. अशा अभ्यासक्रमांत पोरांना काही आठवडे एखाद्या कन्सल्टंटकडं, महापालिकेत किंवा मेट्रोच्या कामावर प्रत्यक्ष कामाला पाठवतात. माझं म्हणणं सरळ आहे. ही पोरं टेंभुर्णीसारख्या गावातही यावीत, आणि त्यांना बोलवायचं काम आपण व्यापाऱ्यांनी करावं.

का ते सांगतो. २००६ साली केंद्रानं राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आणलं. त्यानंतर अहमदाबादचं सेप्ट, आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास अशा ठिकाणी या विषयाची खास केंद्रं उभी राहिली. चांगलंच झालं. पण धोरण शहरांसाठी होतं, त्यामुळं पोरंही शहरातलीच कामं शिकतात, बस आणि मेट्रोची. आपलं गाव बघा. पुणे-सोलापूर रस्ता, त्याला अकलूजचा फाटा, कुर्डुवाडी-बार्शी-लातूरचा फाटा, करमाळा-अहिल्यानगरचा फाटा, आणि पंढरपूरला जाणारा रस्ता. एवढ्या दिशांची वाहतूक एका गावावर येते, वर एमआयडीसी आणि उसाचे कारखाने. कट कुठं ठेवायचा, सर्व्हिस रोड कुठं संपवायचा, बायपासवरून गावात वळायला पाटी कुठं लावायची, यावर इथल्या शेकडो दुकानांचा गल्ला ठरतो. निर्णय झाल्यावर आपण निवेदन देतो. निवेदनात आकडा एकही नसतो.

आता मोजणी कशी करतात ते बघा, कारण हे तुम्हालाही उद्यापासून वापरता येईल. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९७२ चं मार्गदर्शन आहे: गावाबाहेरच्या रस्त्यावर मोजणी सलग सात दिवस, चोवीस तास, आणि वर्षातून दोनदा करायची. एकदा सुगी-बाजाराच्या हंगामात, एकदा मंदीच्या दिवसांत. दोनदा का? आपल्याकडं जानेवारीत मोजलं तर उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला दिसेल आणि जूनमध्ये तोच रस्ता मोकळा. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूर रोडला गाळा बघायला गेलात तर तुम्हाला वाटेल, इथं वडापावची गाडी लावली तरी बंगला होईल. गाळेमालक नेमका तेव्हाच बोलावतो!

दुसरी गंमत. प्लॅनिंगवाले सगळ्या गाड्या एकाच मापात आणतात, त्याला पीसीयू म्हणतात. कार म्हणजे एक. ग्रामीण रस्त्यांसाठी मोटरसायकल ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी तर ८. हे माप गाडी रस्त्याची किती जागा अडवते ते सांगतं. तुमच्या गल्ल्यात किती टाकते ते त्यात कुठंच नाही. इंजिनिअरच्या हिशोबात अर्धी असलेली मोटरसायकल किराणा दुकानदाराला पूर्ण गिऱ्हाईक असते, कारण ती कुठंही थांबते. ४.५ वाला ट्रॅक्टर कारखान्याच्या नंबरासाठी पळत असतो, तो तुमच्याकडं थांबला तर चहाला. म्हणून सरकारी मोजणीचा एकूण आकडा तुम्हाला कुणी दाखवला तरी त्यावर भाळू नका. त्यात वाहनांचे प्रकार किती आहेत ते विचारा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, म्हणजे 'कुठून निघाला, कुठं चाललाय' हा सर्व्हे. पुण्याहून टेंभुर्णी साधारण १६० किलोमीटर. सकाळी पुण्यातून निघालेल्या कारवाल्याचा नाष्टा भिगवण-इंदापूरलाच झालेला असतो. तो तुमच्या मिसळीसाठी का थांबेल? पण लातूरहून बार्शीमार्गे पहाटे निघालेला माणूस इथं भुकेला पोहोचतो, आणि तो दुसऱ्या फाट्यानं येतो. एकाच गावात दोन गाळे, गाड्या सारख्याच, आणि धंदा निराळा. हे बसून विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायचं कसं, किती जणांना, कोणत्या वेळी, हे ती पोरं दोन वर्षं शिकतात.

मग करायचं काय? व्यापारी संघटनेनं किंवा तुम्ही पाच-सहा दुकानदारांनी मिळून विभागप्रमुखांना पत्र लिहावं. 'तुमचे विद्यार्थी उन्हाळ्यात कामाला येऊ शकतील का' एवढं मोघम लिहू नका. काम नेमकं सांगा: अमुक चौक, सकाळी आठ ते रात्री आठ, वळणाऱ्या गाड्यांची मोजणी, आणि एसटी स्टँडपासून पायी येणाऱ्यांची मोजणी. राहायची खोली, जेवण, मोजायला चार स्थानिक कॉलेजची पोरं आणि थोडंफार मानधन तुमच्याकडून. फुकट राबवायचं डोक्यात असेल तर बोलावूच नका. एका गाळ्याच्या डिपॉझिटपुढं हा खर्च किरकोळ आहे. आणि अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीला व हायवेच्या ऑफिसला जाईल हे आधीच ठरवा. हवं ते निघालं नाही म्हणून अहवाल दाबायचा नाही, हेही.

काही पालक विचारतात, पोराला हा कोर्स करू द्यावा की दुकानात बसवावा? सिव्हिल झालेला असेल, आकड्यांची आवड असेल तर जाऊ द्या. पण कॉलेज निवडताना इमारतीचे फोटो बघू नका. मागच्या वर्षीची पोरं कामाला कुठं गेली, किती आठवडे, पैसे मिळाले का, आणि रस्त्यावर उभी राहिली की एसीत बसून एक्सेल भरत होती, हे त्या पोरांनाच फोन करून विचारा. परदेशात, म्हणजे लीड्ससारख्या विद्यापीठात, हा विषय फार चांगला शिकवतात. पण शेत गहाण ठेवून जायच्या आधी इथल्या गेटचा एक प्रयत्न होऊ द्या.

आणि ज्यांचं टोकन या महिन्यातच द्यायचं ठरलंय, त्यांनी निदान एक करा. एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस, वही घेऊन त्या गाळ्यासमोर बसा. चार रकाने आखा: दुचाकी, कार, एसटी-ट्रक, ट्रॅक्टर. पाचवा रकाना 'थांबली' असा ठेवा. पलीकडच्या बाजूनं येणाऱ्या गाड्या वेगळ्या लिहा, कारण डिव्हायडरला जवळ कट नसेल तर त्या तुमच्या नाहीतच. वही घेऊन पुढच्या बॅचला या, डिपॉझिटचं आपण तेव्हा बोलू.