वाळवणाची जागा नकाशावर आणा

2019च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार, चौरस किलोमीटरला 2161हून दाट वस्तीच्या किनारी गावांत बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 वर येऊ शकतो. अट अशी, की लोकांशी सल्लामसलत करून केलेला आराखडा आधी मंजूर व्हावा.

आमच्या दालदी मोहल्ल्यातून सुनावणीला कोण जाणार? पुरुष होडीवर, नाहीतर आखातात. पण मासळी सुकवायची जागा नकाशात 'मोकळी' दिसली, तर ती कशाची आहे, हे तिथे रोज सुकट उलटणाऱ्या बायाच सांगू शकतील.

मी उर्दू-मराठीचा मास्तर. आराखडा मोहल्ल्यात वाचून दाखवेन, हरकती मराठीत लिहून देईन. जमातीच्या बैठकीला सगळे येतात, तसे ग्रामसभेलाही या. महिला सभा आधी होते. तिथला पहिला ठराव वाळवणाच्या जागेचा होऊ दे.