कोकणच्या खेळाडूला अरबी समुद्र अनोळखी कसा?

२००९च्या मार्चमध्ये 'एम्पायर : टोटल वॉर' हा गेम आला आणि ब्रिटन, फ्रान्स, स्पेन यांच्या रांगेत मराठ्यांचं राज्यही खेळायला मिळालं. १७०० साली सुरू होणाऱ्या त्या डावात मराठी आरमार बांधून थेट युरोपच्या किनाऱ्यावर फौज उतरवता येत असे. चार वर्षांनी, २०१३मध्ये, स्टॉकहोमच्या पॅरडॉक्स कंपनीचा 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' आला. त्यात १४४४ ते १८२१ असा जवळजवळ चार शतकांचा पट होता, आणि मुख्य म्हणजे गेमच्या फायली उघडून नियम बदलण्याची मुभा होती. असे नियम बदलून जगभरचे हौशी लोक स्वतःची आवृत्ती तयार करतात, तिला मॉड म्हणतात. रोमन साम्राज्य टिकलं असतं तर, अमेरिकेचा शोध दोनशे वर्षं उशिरा लागला असता तर, अशा जर-तरच्या इतिहासावर बेतलेले मॉड या खेळाडूंना विशेष प्रिय.

असा मॉड बनवणाऱ्याची खरी परीक्षा लढायांत होत नाही. शोधमोहिमा आणि वसाहती यांचा तोल साधताना त्याचा कस लागतो. शोध स्वस्त ठेवला तर पहिल्या पन्नास वर्षांत सगळा नकाशा उघडा पडतो आणि पुढे कुतूहल उरत नाही. महाग ठेवला तर संगणकाकडची राज्यं घरीच बसून राहतात. वसाहत स्वस्त केली की प्रत्येक खेळाडू तेच करतो आणि निम्म्या डावातच त्याला कुणी प्रतिस्पर्धी उरत नाही. महाग केली की जहाजं विसरून सगळे शेजाऱ्याच्या उरावर बसतात. बहुतेक मॉडर यावर आकड्यांची मलमपट्टी करतात. इथे दहा टक्के कमी, तिथे पाच सोन्याची नाणी जास्त. पण रोग आकड्यांत नाही, गृहीतकांत आहे. समुद्र अज्ञात आहे आणि पलीकडची जमीन रिकामी आहे, ही ती दोन गृहीतकं. ठाणे-कल्याणच्या खाडीकाठी उभं राहिलं तर ती दोन्ही खोटी ठरतात.

माजिवडा नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता भेटतात. पुलांच्या त्या गुंत्यात अडकलेल्या माणसाच्या मनात येणार नाही, पण बाळकुम, कोलशेतच्या पलीकडे अगदी जवळ पाणी आहे. कल्याणहून डोंबिवलीला वळसा घालत आलेली उल्हास नदी इथवर येते. तिचा मोठा प्रवाह घोडबंदरवरून वसईला जातो, चिंचोळा फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. दोन हजार वर्षं या पाण्यानं जहाजं आणली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणचं नाव आहे. पुढे ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी झाली. १३२०च्या दशकाच्या सुरुवातीला ओडोरिक हा इटालियन ख्रिस्ती साधू होर्मुझहून जहाजानं ठाण्याला उतरला आणि या शहराचं वर्णन लिहून ठेवून गेला. तो प्रवास त्यानं २८ दिवसांचा सांगितला आहे.

२०२५च्या नोव्हेंबरात आलेल्या 'युरोपा युनिव्हर्सालिस ५'चा डाव १३३७ साली सुरू होतो, ओडोरिक येऊन गेल्यावर जेमतेम पंधरा वर्षांनी. तेव्हा होर्मुझ, एडन, पूर्व आफ्रिका ही ठिकाणं इथल्या तांडेलाला नवी नव्हती. मोसमी वारा कधी पलटतो, शिडं कधी उघडायची, परतताना कुठे थांबायचं, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. खुद्द वास्को द गामा १४९८मध्ये आफ्रिकेच्या मालिंदीहून कालिकतला आला तो स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊनच. ज्याला युरोपचा महान शोध म्हणतात त्याचा शेवटचा टप्पा दुसऱ्याच्या ज्ञानावर पार पडला.

म्हणून कोकणातलं राज्य खेळायला घेणाऱ्याच्या नकाशावर अरबी समुद्रात धुकं असूच नये. त्याला किनारे आधीपासून दिसावेत. दिसू नये ते त्या किनाऱ्यावर आज कोण राज्य करतं, त्याचा मूड काय आहे, तिथल्या बंदरात तोफा किती आहेत. शोधमोहीम म्हणजे जमीन सापडणं नव्हे, बातमी मिळवणं. ती बातमी विकत घेता यावी, वाटाडे पळवता यावेत, परदेशी व्यापाऱ्याला बंदरात सवलत देऊन त्याच्याकडून काढून घेता यावी. आणि ती शिळीही व्हावी! दहा वर्षांत एकही जहाज गेलं नाही तर त्या किनाऱ्यावर पुन्हा धुकं उतरावं. मग खेळाडूला व्यापार चालू ठेवण्यासाठी कारण मिळेल आणि शोध हा एकदाच करून विसरायचा सोपस्कार राहणार नाही.

आता वसाहत. 'युरोपा ४'मध्ये खेळाडू एक वसाहतकार पाठवतो, दर महिन्याला खर्च भरतो, आणि वस्ती १०००वर गेली की ती पूर्ण शहर होते. आकडा सहसा हळूहळू वरच चढतो. प्रत्यक्षात तो आधी भयानक खाली जातो, याचा दाखला ठाण्याच्या शेजारीच आहे. १६६१च्या लग्नकरारानं मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनच्या तुकडीला पोर्तुगीजांनी बेट द्यायचं नाकारलं, म्हणून ती कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन थांबली. तापानं आणि उपासमारीनं माणसं मरत गेली. शिपमन स्वतः १६६४मध्ये तिथेच वारला. १६६५मध्ये हम्फ्री कुकनं मुंबईचा ताबा घेतला तेव्हा सुमारे चारशे सैनिकांपैकी जेमतेम शंभर उरले होते. तीनच वर्षांत राजानं हे बेट वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

मुंबई तगली ती पुढे जेराल्ड ऑन्जियरनं इथल्या माणसांशी जमवून घेतलं म्हणून. जुन्या जमीनमालकांशी त्यानं वर्षाला २०,००० शेराफिन नाण्यांचा करार केला, विणकर आणि व्यापाऱ्यांना बोलावलं, त्यांच्या पंचायती मानल्या. अंदमानची गत याहून वाईट. १७८९मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअरनं तिथे वसाहत उभारली, ती बेटाच्या उत्तरेला हलवली गेली, आणि रोगराईनं हैराण होऊन १७९६मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. पुन्हा वस्ती झाली ती १८५८मध्ये, कैद्यांची. स्कॉटलंडनं १६९८मध्ये पनामाच्या डेरियनमध्ये वसाहत करू पाहिली, दोन वर्षांत ती बुडाली, आणि त्या नुकसानीचा १७०७मध्ये स्कॉटलंडचं स्वतंत्र राजकीय अस्तित्व संपण्यात मोठा वाटा होता.

ज्या मॉडमध्ये वसाहत बसवून राज्य बुडण्याची शक्यता नाही, तो मॉड इतिहासाशी प्रामाणिक नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांत निम्मी माणसं जाण्याची भीती हवी. तिथल्या लोकांशी करार केला तर ती कमी व्हावी, तलवार काढली तर वाढावी. 'युरोपा ४'मध्ये मूळ रहिवाशांबद्दल तीन धोरणं आहेत : सहजीवन, व्यापार आणि दडपशाही. दडपशाहीनं वस्ती वेगानं वाढते. त्याहून पुढे, फौज नेऊन त्या प्रांतातली मूळ माणसं संपवूनही टाकता येतात, आणि कित्येक खेळाडू तोच सोयीचा मार्ग मानतात. पडद्यावर एक आकडा शून्य होतो, इतकंच. या गोष्टीचा राग यायला हवा. ज्या जिल्ह्यात वारली आणि कातकरी यांची जमीन सावकारांनी कशी गिळली हे आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळतं, तिथल्या मुलानं तरी तो आकडा निमूट शून्य करू नये.

'सिव्हिलायझेशन ६'मध्ये २०१८ साली कॅनडातल्या क्री लोकांचा नेता पाउंडमेकर याला घेतलं, तेव्हा त्याच्याच समाजाच्या मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर हरकत घेतली. जमीन जिंकणं हीच सगळ्यांची आस होती, असा समज यातून पसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मराठी मॉडरनं ही हरकत समोर लिहून ठेवावी. एखाद्या समाजाला खेळायला देणं म्हणजे त्याच्या तोंडी वसाहतवाद्याची भाषा घालणं नव्हे.

मग मराठी राज्याच्या तोंडी कोणती भाषा घालायची? तिचा मजकूर तयार आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर आणि टोपीकर, म्हणजे युरोपीय, व्यापाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. टोपीकरांना वखारीसाठी खाडीच्या तोंडाशी, समुद्रकाठी जागा देऊ नये, द्यायचीच तर आत, नजरेखाली राहील अशी द्यावी, असा त्यातला सल्ला. आरमारासाठी लाकूड लागतं, पण आंबा-फणसाची झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडू नयेत. एखादं झाड जीर्ण झालंच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असंही तिथे बजावलं आहे. अशा गेममध्ये जहाजाचा खर्च सहसा नाणी आणि माणसांत मोजतात. मराठी मॉडमध्ये तो रयतेच्या राजीखुशीत मोजावा. वीस गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, एका वर्षात बांधायच्या तर जंगल उजाड होईल, गावं बिथरतील. हळू बांधल्या तर राज्य शाबूत राहील. वसाहतीच्या लोभाला लगाम घालणारा नियम आपल्याच राज्यकारभारातून निघतो, तो बाहेरून उसना आणायची गरज नाही.

शोध आणि वसाहत यांच्या मधली एक मोठी जागा बहुतेक मॉड मोकळी सोडतात. एक इंचही जमीन न घेता समुद्रावर हुकूमत चालवता येते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात कार्ताझ नावाचा परवाना काढला. तो नसलेलं जहाज ते पकडत. वसईच्या करारानं १५३४मध्ये इथला मुलूख मिळाल्यावर त्यांनी खाडीही आवळली. मुंबईकडे जाणाऱ्या मालावर ठाणे आणि करंजा इथे जकात बसे आणि मुंबईचे इंग्रज त्याबद्दल वर्षानुवर्षं रडगाणं गात. एका चिंचोळ्या पाण्यावरची एक चौकी पलीकडचं अख्खं बंदर तंगवू शकत होती. १७३०मध्ये पोर्तुगीजांनी ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला, १७३७मध्ये मराठ्यांनी तो जिंकला, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी. आता तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. तीन सत्तांनी एका खाडीसाठी एवढा आटापिटा केला, ही गोष्ट मॉडमध्ये 'जकात चौकी' म्हणून यावी. वसाहतीपेक्षा स्वस्त, पण शेजाऱ्याशी कायमचं वैर ओढवून घेणारी. अशी तिसरी वाट मिळाली की शोध आणि वसाहत यांच्यातली रस्सीखेच बरीच सैल होते.

यावर खेळाडूंची तक्रार ठरलेली असते. गेम मजेसाठी आहे, इतिहासाचा तास नको. मराठ्यांचा जर-तर खेळायचा तर दर्याचं राज्य मिळालंच पाहिजे, अशीही भावना असते, आणि ती समजण्यासारखी आहे. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर आंग्र्यांचं आरमार जळालं, तेही पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली असताना. ते झालं नसतं तर, हा प्रश्न मराठी मनाला आजही टोचतो. पण म्हणून मॉडमध्ये मराठ्यांच्या जहाजांना फुकटचं बळ देणं हा त्या आरमाराचा अपमान आहे. कान्होजी आंग्र्यांनी मोठ्या तोफांच्या जहाजांशी सामना केला तो उथळ पाणी, वारा आणि किल्ले यांची सांगड घालून. ते कसब खेळाडूला हातानं शिकू द्यावं. मजा अडचणीत असते. सगळं सहज मिळालं की डाव शंभर-दीडशे वर्षांतच सोडून दिला जातो, हे या गेमच्या कुठल्याही जुन्या खेळाडूला माहीत आहे.

आणखी एक कठीण बाब. कोकणातली माणसं समुद्रापार वस्ती करायला गेलीच, पण मालक म्हणून नाही. १८३४नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून जहाजं भरून भारतीय नेले गेले, त्यांत कोकणातले मराठीही होते. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. वसाहतींच्या मॉडमध्ये माणसं हलतात ती कुणाच्या इच्छेनं, हे लिहिलंच पाहिजे. कोकणात दुष्काळ पडला, सारा वाढला की आपलीच माणसं दुसऱ्याच्या वसाहतीत मजूर म्हणून जाऊ लागावीत आणि ती थांबवायची तर खेळाडूला गावात पैसा ओतावा लागावा, अशी रचना करता येते. आरमार वाढवायचं की गावं जगवायची, हा तोल कुठल्याही टक्केवारीपेक्षा खरा असेल.

ठाणे-डोंबिवलीतल्या एखाद्या संगणकवेड्या पोरानं हे काम अंगावर घेतलं तर पहिला प्रसंग कोणता लिहावा, हेही सांगता येईल. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढच्या दोन वर्षांत इथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना या आरमाराची धास्ती वाटली. त्यांनी त्याला फितवलं आणि तो आपली माणसं घेऊन काम टाकून निघून गेला. गेमच्या पडद्यावर हा प्रसंग येईल तेव्हा खेळाडूपुढे दोन पर्याय असावेत. जास्त पैसे देऊन पुन्हा परके कारागीर आणायचे, म्हणजे जहाजं वर्षभरात पाण्यात उतरतील, पण ते कारागीर कधीही फुटू शकतील. किंवा कल्याणच्या सुतारांना आणि कोळ्यांना हाताशी धरून शिकवायचं, म्हणजे दहा वर्षं लागतील, तोवर जंजिऱ्याचा सिद्दी किनारा लुटत राहील, आणि त्या लुटीचा हिशेब खेळाडूला दर पावसाळ्याआधी रयतेला द्यावा लागेल.