बेट निर्जन होते, की निर्जन केले गेले?

१/ जहाज फुटते. काही मुले लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात. समोर नारळाची झाडे, पांढरी वाळू आणि माणसाचा मागमूस नाही. निर्जन बेटावरील बालसाहसकथा बहुधा अशी सुरू होते. पुढे रहस्य येते ते खजिन्याचे, गुहेचे किंवा वाळूतल्या पाऊलखुणेचे. सर्वांत मोठे रहस्य मात्र पहिल्याच पानावर असते आणि त्याचा तपास क्वचितच होतो: हे बेट निर्जन का आहे?

२/ या परंपरेचा मूळ पुरुष म्हणजे डॅनियल डिफोचा 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९). ग्रंथ प्रौढांचा, पण पुढे तो मुलांचा झाला. क्रूसोचे जहाज फुटले तेव्हा तो ब्राझीलहून आफ्रिकेकडे गुलाम आणण्यासाठी निघाला होता. निर्जन बेटाची ही कथा अशी जन्मापासूनच माणसांच्या व्यापाराला जोडलेली आहे.

३/ १८५८ मध्ये आर. एम. बॅलंटाइन या स्कॉटिश लेखकाची 'द कोरल आयलंड' आली. राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन मुले पॅसिफिकमधील एका बेटावर अडकतात. तेथे त्यांना एक मोडकी झोपडी सापडते आणि तिच्यात एका माणसाचा व कुत्र्याचा सांगाडा. पॅसिफिकचे मूळ रहिवासीही कादंबरीत येतात, पण मुख्यतः नरभक्षक म्हणून किंवा ख्रिस्ती झालेले म्हणून. बॅलंटाइनने स्वतः पॅसिफिक कधी पाहिला नव्हता.

४/ १९५४ मध्ये विल्यम गोल्डिंग या इंग्रज शिक्षकाने 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मध्ये राल्फ आणि जॅक ही नावे पुन्हा वापरली आणि कथा उलटी केली. त्याची मुले बेटावर एकमेकांच्या जिवावर उठतात. दोन्ही लेखकांची माणसाविषयीची मते परस्परविरुद्ध आहेत. त्यांचे बेट मात्र एकच: कोरी पाटी.

५/ आता प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. जून १९६५. टोंगाच्या राजधानीतील, नुकुअलोफामधील, एका निवासी शाळेतून सहा मुले एक होडी पळवून समुद्रात निघाली. वादळाने शीड फाटले, सुकाणू मोडले. सुमारे आठ दिवस भरकटल्यावर ती 'अता' नावाच्या बेटाला लागली. टोंगाटापू या मुख्य बेटापासून हे ज्वालामुखी बेट सुमारे १६० किलोमीटर दक्षिणेला आहे.

६/ तेथे ती पंधरा महिने राहिली. त्यांनी अग्नी पेटवला आणि विझू दिला नाही. कामाच्या पाळ्या लावल्या. भांडण झाले की दोघांना काही काळ दूर पाठवले जाई. एकाचा पाय मोडला तेव्हा इतरांनी तो बांधून बरा केला. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाच्या नजरेस ती पडली, तेव्हा सहाही जण जिवंत होते.

७/ डच लेखक रुटगर ब्रेगमन यांच्या पुस्तकामुळे २०२० मध्ये ही घटना जगभर गाजली. निष्कर्ष असा निघाला की गोल्डिंग चुकला, माणूस मुळात सहकार्यशील आहे. निष्कर्ष सुखद आहे. पण तो काढताना अर्धी गोष्ट मागे राहिली.

८/ मुलांचे सुरुवातीचे दिवस मासे, नारळ आणि समुद्रपक्ष्यांवर गेले. पुढे कडा चढून ती माथ्यावरील ज्वालामुखीच्या जुन्या विवरात पोहोचली. तेथे एका ओसाड गावाचे अवशेष होते. अळूच्या जातीचे कंद होते, केळी होत्या, रानटी झालेल्या कोंबड्या होत्या. ही लागवड आणि ही कोंबड्यांची पैदास कोणाची? तिच्यामागची माणसे कोठे गेली?

९/ उत्तर १८६३ मध्ये आहे, म्हणजे 'द कोरल आयलंड'नंतर अवघ्या पाच वर्षांनी. पेरूने १८५४ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती आणि तेथील मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८६२-६३ मध्ये जहाजे पॉलिनेशियाच्या बेटांवर फिरू लागली. करार, आमिष, फसवणूक आणि थेट अपहरण, असे सारे मार्ग वापरले गेले.

१०/ जून १८६३ मध्ये 'ग्रेशियन' हे व्हेलशिकारी जहाज अताला आले. कप्तान थॉमस मॅकग्राथ याने व्यापाराच्या निमित्ताने लोकांना जहाजावर बोलावले. ते आत आल्यावर दारे बंद झाली आणि जहाज निघून गेले. १४४ माणसे, म्हणजे बेटाची जवळजवळ निम्मी वस्ती, एका दिवसात नाहीशी झाली.

११/ उरलेल्यांवर पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून टोंगाचा राजा जॉर्ज टुपू पहिला याने त्यांना एउआ या बेटावर वसवले. अता निर्जन झाले ते असे. त्याचे निर्जनपण निसर्गाने दिलेले नव्हते.

१२/ पळवलेल्यांचे काय झाले? ते पेरूला पोहोचेपर्यंत तेथील सरकारने हा व्यापार बंद केला होता. ऑक्टोबर १८६३ मध्ये चारशेहून अधिक बेटवासीयांना परत पोहोचवण्यासाठी 'आदेलांते' हे जहाज निघाले. अताचे लोकही त्यांत होते. देवीची साथ पसरल्याचे कारण सांगून कप्तानाने त्यांना वाटेतच, कोस्टारिकाच्या हद्दीतील निर्जन कोकोस बेटावर, सोडून दिले. नोव्हेंबरमध्ये पेरूची युद्धनौका आली तेव्हा ३८ जण उरले होते.

१३/ कोकोस हे नाव साहसप्रेमींच्या परिचयाचे आहे. समुद्रचाच्यांनी तेथे लिमाचा खजिना पुरल्याची दंतकथा प्रसिद्ध आहे आणि त्यापायी अनेकांनी ते बेट खणून काढले. न सापडलेल्या सोन्याची गोष्ट जगाला पाठ आहे. तेथे मरण पावलेल्या शेकडो माणसांची गोष्ट किती जणांना ठाऊक आहे?

१४/ म्हणूनच 'माणूस चांगला की वाईट' या वादासाठी अताचा दाखला देणे अपुरे आहे. मुलांचे परस्परसहकार्य खरे होते आणि ते कौतुकास्पदच आहे. परंतु ती केवळ सद्‌गुणांवर जगली नाहीत. शतकापूर्वी उखडलेल्या एका गावाने मागे ठेवलेल्या अन्नाने त्यांना जगवले. कोरी पाटी तेथे कधीच नव्हती.

१५/ यावर एक रास्त आक्षेप येईल: मुलांच्या गोष्टीवर इतिहासाचे एवढे ओझे कशाला? ज्यूल व्हर्नच्या साहसकथा भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या, त्या वाचून कित्येकांना भूगोलाची गोडी लागली. ती गोडी मोलाची आहे. कोणतेही पुस्तक कपाटातून काढून टाकण्याचे कारण नाही.

१६/ पण मुले रहस्याला घाबरत नाहीत, ती त्याच्या मागे लागतात. ओसाड विवरात केळीची बाग दिसली, तर 'ही कोणी लावली?' हा प्रश्न कोणत्याही खजिन्याच्या नकाशाहून कमी थरारक नाही. हा प्रश्न विचारणारी बालसाहसकथा अधिक चांगली रहस्यकथा ठरेल आणि अधिक प्रामाणिकही.

१७/ इतिहासाच्या अभ्यासकाने 'निर्जन', 'ओसाड', 'पडीक' हे शब्द नेहमी तपासून घ्यावेत. नकाशावर एखादी जागा रिकामी दिसली, तर ती कधीपासून रिकामी आहे आणि कोणामुळे, हे विचारावे. अताच्या बाबतीत दोन्ही उत्तरे उपलब्ध आहेत: १८६३, आणि एका जहाजाचे नाव.