पुढारी खात्यात घडतो

नेतृत्वाचा विषय निघाला की चळवळीतील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ उभे राहते. अलीकडे कारखान्यांच्या व्यवस्थापनांनीही हा शब्द उचलला आहे. नेतृत्वविकासाची त्यांची शिबिरे प्रशस्त हॉटेलांतून भरतात, आणि हाताखालच्या माणसांकडून अधिक काम कसे काढून घ्यावे याचे पाठ तेथे दिले जातात. एक माणूस पुढे चालणार आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून जावयाचे, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे. कामाच्या जागी उपयोगी पडणाऱ्या नेतृत्वाची कसोटी मात्र वेगळी आहे. खात्यातला पुढारी उद्या बडतर्फ झाला किंवा तुरुंगात गेला, तर त्याच्या शेजारी काम करणारी माणसे आपली तक्रार स्वतः मांडू शकतील काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर तो पुढारी यशस्वी झाला असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईच्या गिरणगावाचा शंभर वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या मागण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या तारखेपर्यंत पगार आणि कामावर जायबंदी होणाऱ्यास आधार, अशा त्या मागण्या होत्या. निवेदनाखाली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. लोखंड्यांनी गिरणीत भांडारपालाचे काम केलेले असल्यामुळे ‘दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती’ या शब्दांचा अर्थ त्यांना कोणी समजावून द्यावा लागला नाही. १८९० साली त्यांनी बोलाविलेल्या प्रचंड सभेत गिरणीत राबणाऱ्या दोन स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या. त्याच वर्षी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सुटीचे श्रेय लोखंड्यांना नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या नेतृत्वाचे खरे माप त्या दोन स्त्रियांच्या बोलण्यात सापडते.

त्या काळी खात्यात पुढारी नव्हता असे मात्र नाही. तेथे जॉबर होता, आणि स्त्रियांच्या खात्यात नायकीण होती. नोकरी लावणे, बदलीवाल्याला काम देणे वा नाकारणे आणि त्याबद्दल दस्तुरी घेणे, हे सारे त्यांच्या हाती असे. जॉबर पुष्कळदा कामगाराच्याच गावचा असे आणि अडीअडचणीला कर्जही देई. त्याची सत्ता नुसत्या धाकावर उभी नव्हती, उपकारावरही उभी होती. म्हणूनच ती मोडणे कठीण गेले. जो पुढारी ‘तुझे काम मी करून देतो’ असे म्हणतो आणि त्या कामाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, तो हाती लाल झेंडा घेऊनही जॉबरच राहतो, हे आजच्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.

जॉबरच्या सत्तेला पहिला खरा हादरा १९२८ सालच्या संपाने दिला. एका कामगाराकडे अधिक माग आणि अधिक चात्या सोपविण्याच्या मालकांच्या योजनेविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार सहा महिने घराबाहेर उभे राहिले. कॉम्रेड डांगे आदी पुढारी नावारूपास आले ते याच लढ्यात. गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे मात्र स्वतः गिरणी कामगार होते. या संपाने मागे ठेवलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गिरणी समित्या होत. प्रत्येक गिरणीतील कामगार वर्गणी गोळा करीत, तक्रारी ऐकत आणि थेट मॅनेजरपुढे जाऊन बोलत. नोकरीसाठी ज्याच्यापुढे हात जोडावयाचे, त्या जॉबरला वगळून मॅनेजरशी बोलता येते, हा शोध त्या समित्यांनी लावला.

याच संपात नेतृत्वाची दुसरी परीक्षा झाली. विणकाम खात्यात पगार चांगला होता, परंतु त्या खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत आली पाहिजे, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीने स्वीकारली. मालकाविरुद्ध बोलण्यास धैर्य लागते हे खरे. पण आपल्या मागे उभ्या असलेल्या बहुसंख्यांना ‘तुमचे हे चुकते आहे’ असे सांगण्यास त्याहून अधिक धैर्य लागते. तेथे त्या पुढाऱ्यांचे पाऊल अडखळले.

मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी धरपकड झाली. डांग्यांप्रमाणेच आळवे आणि कासले हे गिरणी कामगारही पकडले गेले. समित्यांच्या कार्यकर्त्यांवर बडतर्फीचे शस्त्र उगारले गेले आणि त्या वर्षीचा सार्वत्रिक संप फसला. खात्यातली संघटना कुचकामी असते, असा निष्कर्ष यावरून काढणे चूक ठरेल. त्या समित्यांना रुजावयास काही महिनेच मिळाले होते, आणि मालकाने आधी त्यांच्यावरच घाव घालावा यातच त्यांची ताकद दिसून येते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये प्रातिनिधिक ठरलेल्या संघटनेवरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि कायद्याने तर तिच्याशीच वाटाघाटी होणार होत्या. म्हणून कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले. त्यांनी डॉक्टरांना आणले, हे डॉक्टरांच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. त्या कामगारांचा त्याग अलौकिक होता. तथापि, लढा लांबत गेला तसतसा पुढे जावे की थांबावे हा निर्णय एकाच माणसाच्या शब्दावर येऊन ठेपला. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगार एकेकटे परतले किंवा गावी गेले. थांबण्याचा निर्णयही सामुदायिकपणे घेता यावा लागतो, आणि तो घेण्याची जागा गिरणीगिरणीत उरली नव्हती.

आज गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांनी संपापूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीची अट सर्वच उद्योगांना लावली आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली. या संहितांना विरोध झालाच पाहिजे. परंतु त्याच संहितेत वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी आणि तीत स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान असावे, अशी तरतूद आहे. अशी समिती मालकाच्या मर्जीतल्या माणसांनी भरू द्यावयाची की खात्याने आपली माणसे तेथे पाठवावयाची, हे द्वारसभेतल्या भाषणाने ठरणार नाही.

म्हणून कार्यकर्त्याने आरंभ लहान गोष्टींपासून करावा. प्रथम स्वतःचे काम चोख करावे. कामचुकार पुढाऱ्याचे मॅनेजर ऐकत नाही आणि सहकारीही मनातून मानीत नाहीत. तक्रार ऐकताच ती तारीख-वारासह वहीत लिहावी. साहेबाकडे जाताना ज्याची तक्रार असेल त्याला बरोबर न्यावे आणि शक्यतो त्यालाच बोलू द्यावे. परत आल्यावर काय मिळाले याबरोबर काय मिळाले नाही तेही खात्याला सांगावे. शेजारीच निम्म्या पगारावर राबणाऱ्या कंत्राटी कामगाराची तक्रार त्याच वहीत लिहावी. आजच्या विणकाम खात्याचे बंद दार ते आहे.

हे काम संथ आहे. त्यात हार नाहीत, घोषणा नाहीत. त्यातून घडणाऱ्या पुढाऱ्याला मालक कामावरून काढू शकेल. परंतु वही दुसऱ्याच्या हाती गेलेली असेल आणि साहेबाच्या खोलीची वाट दहा जणांना ठाऊक झालेली असेल, तर त्या बडतर्फीने खाते मुके होणार नाही.