तीन भोकांची गोष्ट

दोस्तांनो, गेल्या आठवड्यात साताऱ्याहून एक पत्र आलंय. लिहिणारी सहावीत आहे. ती म्हणते, “माळीकाका, वाढदिवसाला मिळालेल्या मोगऱ्याला मी रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालते. तरी त्याची पानं पिवळी पडताहेत आणि शेंडे माना टाकताहेत. मग मी आणखी पाणी घातलं, तरी तेच. माझं काय चुकतंय?”

पत्र वाचलं आणि मला १९७८ सालची आमच्या गिरगावच्या चाळीची गॅलरी आठवली. कारण तिथेही हाच मोगरा, हीच पिवळी पानं आणि हेच ‘आणखी पाणी’! फरक एवढाच, की तो मोगरा माझा नव्हता. आजीचा होता.

आजीने तो माहेराहून फांदी आणून लावला होता. कुंडी कसली, डालड्याचा रिकामा डबा! तेव्हा चाळीतल्या निम्म्या तुळशी असल्या डब्यांमध्येच नांदायच्या. आजोबांनी हातोडीने खिळा ठोकून डब्याच्या बुडाला तीन भोकं पाडून दिली होती. पुढे आजीचं माहेरचं घर विकलं गेलं, परसातलं मूळ झाडही गेलं. राहिला तो हा डब्यातला मोगरा. आजी हे कधी बोलून दाखवायची नाही, पण पहिलं फूल आलं की ते केसात न माळता पणजीच्या फोटोपुढे ठेवायची.

त्या वर्षी आषाढात आजीच्या बहिणीचा पाय मोडला म्हणून आजी तीन आठवडे रत्नागिरीला गेली. जाताना मला म्हणाली, “माती बघून पाणी घाल हो.” मी पाचवीत होतो. त्यातलं मी फक्त ‘पाणी घाल’ एवढंच ऐकलं.

झालं! शाळेच्या घाईत तांब्याभर पाणी ओतायचं आणि पळायचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते गढूळ पाणी ठिबकायचं. दोन दिवस त्यांची बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी मी शक्कल लढवली. डबा आडवा केला, मेणबत्ती पेटवली आणि तिन्ही भोकांत मेण सोडून ती गच्च बुजवली. काकू खूश, मी खूश. आठवड्याभरात पानं पिवळी दिसायला लागली तेव्हा मला वाटलं, तहान लागली असेल. मी एकाचे दोन तांबे केले.

आजी परत आली. पिशवी खाली ठेवली आणि चहासुद्धा न घेता गॅलरीत गेली. मातीत बोट घातलं, वास घेतला. डबा उचलून बुडाशी पाहिलं. “मेण कुणी लावलं?” एवढंच विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती काहीच बोलली नाही. मग तिने मलाच झाड उपटायला लावलं. जोर लावावाच लागला नाही, लोण्यातून सुरी निघावी तसं ते हातात आलं. मुळं काळपट, बुळबुळीत झाली होती. चिमटीत धरली की साल सुटून यायची. आणि वास? गटाराचा!

आता यामागचं कारण ऐका. मुळं पाणी पितात हे तुम्हाला माहीत आहे, पण मुळं श्वासही घेतात, बरं का! मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते. तिथला प्राणवायू मुळं घेतात. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर प्राणवायू मुळांपर्यंत पोचत नाही, कारण तो हवेत जितक्या वेगाने पसरतो त्यापेक्षा पाण्यात सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. मुळं गुदमरतात, कुजतात. आणि गंमत अशी, म्हणजे खरं तर वाईट अशी, की कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही. म्हणून झाड पाण्यात उभं असूनही तहानेल्यासारखं मान टाकतं. आपण फसतो आणि आणखी पाणी घालतो.

म्हणून कुंडी घेताना मी रंग, नक्षी नंतर पाहतो. आधी ती उलटी करतो. भोक आहे का? प्लॅस्टिकच्या पुष्कळ कुंड्यांना भोकांच्या नुसत्या खुणा असतात, त्या आपल्याला उघडाव्या लागतात. दुकानदार हे सांगतोच असं नाही.

मातीची की प्लॅस्टिकची, असं बरेच जण विचारतात. घरातला माठ आठवा. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, उडून जातं आणि माठ थंड राहतो. मातीची कुंडी म्हणजे त्या माठाची धाकटी बहीणच. तिच्या बाजूंमधूनही पाणी उडतं, त्यामुळे ज्यांचा हात पाण्याला सैल आहे त्यांची चूक ती थोडीफार पोटात घालते. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल जास्त टिकते, म्हणून ती विसरभोळ्यांना बरी. मातीच्या कुंडीला हौसेने ऑइलपेंट मात्र फासू नका, तिची छिद्रं बुजतात. गेरू चालेल. आणि कोरी मातीची कुंडी आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती नव्या रोपाचं पाणी स्वतःच पिऊन टाकते. पत्र्याच्या डब्याबद्दल मी काय बोलणार! उन्हात तापतो, गंजतो, तरी भोकं शाबूत असतील तर चालतो.

चिमुकल्या रोपाला हंड्याएवढी कुंडी आणणारेही असतात. ‘म्हणजे पुन्हा बदलायला नको!’ हा अंगापेक्षा बोंगा मोठा. एवढ्या मातीतलं पाणी चार मुळांना संपवता येत नाही, माती आठवडाभर चिखल राहते. आधीच्या कुंडीपेक्षा दोनेक इंच रुंद कुंडी पुरे. जुन्या कुंडीच्या बुडातून मुळं डोकावू लागली की बदलायची वेळ आली असं समजा.

आता एक प्रयोग. भांडी घासायचा नवा कोरा, चौकोनी स्पंज आईकडून मागून घ्या. पाण्यात बुडवा आणि न पिळता तळहातावर आडवा धरा. थेंब पडायचे थांबू द्या. थांबले? आता तोच स्पंज उभा धरा. पाहा, पुन्हा पाणी गळायला लागलं! पिळला नाही, दाबला नाही, मग हे कुठून आलं? स्पंजमधली बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात, पण तळाशी ठरावीक उंचीपर्यंतच भरलेली राहतात. उभ्या स्पंजला तळ छोटा, म्हणून वरचं जादा पाणी उतरून गेलं. मातीचंही असंच आहे. पाणी घालून झाल्यावर कुंडीच्या बुडाशी एक ओलागच्च थर उरतोच. बसक्या, उथळ कुंडीत हा थर मुळांच्या गळ्याशी येतो, उभट कुंडीत खाली राहतो.

यावरून एक जुना समज मोडतो. पाणी नीट निघावं म्हणून बुडाशी खड्यांचा थर घालावा, असं तुम्ही ऐकलं असेल. मीही कित्येक वर्षं घालत होतो. पण मातीच्या बारीक पोकळ्यांमधून खड्यांमधल्या मोठ्या फटींत पाणी सहज उतरत नाही. तो ओला थर खड्यांच्या वर येऊन बसतो, म्हणजे आपण आपल्याच हाताने कुंडी उथळ करतो! भोकावर खापराचा एखादा तुकडा उपडा ठेवा, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीच. बाकी कुंडीभर भुसभुशीत माती हवी. दोन वाटे लाल किंवा पोयट्याची माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक वाटा जाड वाळू किंवा काथ्याचा भुसा, हे माझं मिश्रण. शेतातली काळी माती एकटी भरू नका, ती ओली झाली की चिकटून बसते आणि वाळली की भेगाळते.

पाणी कधी घालायचं? आजीची पद्धत सोपी. बोटाची दोन पेरं मातीत घाला. आत गार, ओलसर लागलं तर आज पाणी नाही. मातीची कुंडी असेल तर बोटाच्या सांध्याने टकटक करा. कोरडी कुंडी खणखणीत वाजते, ओली कुंडी बद्द. कुंडीखाली बशी असेल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती ओतून टाका आणि आठवड्यातून एकदा खसखसून घासा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच पाण्यापाशी अंडी घालतो. ती बशीच्या कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

तर साताऱ्याच्या मैत्रिणी, आज पाणी बंद! बशी काढ. बुडाची भोकं पेन्सिलीने मोकळी कर. कुंडी चार दिवस उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेव. तरीही पानं गळत राहिली तर झाड हळूच बाहेर काढून मुळं पाहा. पांढरी, टणक असतील ती जिवंत. काळपट, मऊ असतील ती धुतलेल्या कात्रीने काप, झाड नव्या मातीत लाव आणि वरचा तिसरा हिस्सा छाट.

छाटलेल्या हिरव्या फांद्या टाकू नकोस. आजीने तेच केलं होतं. मेलेल्या मोगऱ्याच्या पाच फांद्या अजून हिरव्या होत्या. बोटभर लांबीचे तुकडे, प्रत्येक पेराच्या खाली काप, खालची पानं काढलेली, असे तिने ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवले. महिन्याभराने दोघांना नवी पालवी फुटली, तिघे गेले. एक नव्या डब्यात लावला. त्याची भोकं मी पाडली, खिळा वाकडा झाला तरी पाडली. दुसरा आजी खालच्या काकूंना देऊन आली आणि येताना आमच्या डब्याखाली ठेवायला त्यांच्याकडून एक जुनी बशी घेऊन आली.

मुळं कशी निघाली ते मला पत्राने कळव. पुढच्या आठवड्यात जास्वंदावरच्या पिठ्या ढेकणांकडे बघू. घरी जास्वंद असेल तर पानं आजच उलटी करून ठेवा!

तुमचा,
माळीकाका